पाणी छातीला कधी लागेल

अकरावीला व्यस्त फलन शिकवताना मी वर्षानुवर्षं सेल्सिअसचं फॅरनहाइट करायचे आणि मग फॅरनहाइटचं पुन्हा सेल्सिअस. मुलं निमूटपणे उतरवून घ्यायची. एका पावसाळ्यात मलाच त्याचा कंटाळा आला आणि मी फळ्यावर गोदावरीचा पूर काढला. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या उंच मूर्तीला लागलेलं पाणी. घोटे, गुडघे, कंबर, छाती. नाशिककर पूर असाच मोजतात, त्यामुळे समजावून सांगावं लागलं नाही.

"किती वाजता पाणी कुठे, हे झालं फलन. आता उलट विचारा. पाणी छातीला कधी लागेल?"

खिडकीजवळची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, कंबरेला पाणी दोनदा लागतं. चढताना आणि उतरताना. मग उत्तर कुठलं धरायचं?"

"म्हणून फक्त चढणारा भाग घ्यायचा. मग एका उंचीला एकच वेळ मिळते."

तिचे वडील घाटावर यात्रेकरूंचे विधी करत. घर नदीजवळच्या गल्लीत. "मारुती छातीपर्यंत बुडाला की आमच्या उंबऱ्याला पाणी लागतं," तिने सहज सांगितलं आणि वहीत आलेख काढू लागली.

पुढच्याच आठवड्यात धरणातून पाणी सोडलं. कॉलेजला सुट्टी जाहीर झाली आणि सकाळीच तिचा फोन आला. घाटावरून मिळालेल्या खबरांवरून तिने आलेख काढून मला पाठवला होता.

"माझ्या हिशेबाने दुपारपर्यंत वेळ आहे. बरोबर आहे का? आजी अंथरुणाला खिळलेली आहे, तिला वरच्या गल्लीत काकांकडे न्यायचंय. बाबा म्हणतात, घाई नको."

मी आलेख पुन्हा पुन्हा पाहिला. चूक नव्हती. "बरोबर आहे," मी म्हणाले, "पण धरणातून आत्ता सोडलंय तेवढंच पाणी येत राहिलं तर."

फोन ठेवला आणि थोड्याच वेळात बातमी आली, विसर्ग वाढवला. मी तिला फोन लावला. लागला नाही. परत लावला. गॅसवरची डाळ खाली लागली. गॅसच्या बिलाच्या मागच्या बाजूला मी नवी रेघ मारून पाहिली, ती आधीच्या रेघेपेक्षा इतकी उभी होती की मी पेन खाली ठेवलं. नवरा म्हणाला, "त्यांचं आयुष्य नदीकाठी गेलंय. त्यांना कळतं." कळत असेलही. पण माझं 'बरोबर आहे' त्या घरात गेलं होतं.

शेवटी स्कूटर काढून निघाले. पुलाच्या अलीकडे पोलिसांनी रस्ता अडवला होता. गर्दीतून गढूळ पाण्याशिवाय काही दिसेना. तिथल्या एकाला विचारलं, तर तो म्हणाला, "छाती केव्हाच गेली, आता गळ्याला आलंय." अजून दुपार व्हायची होती. भिजत, फोन कानाला लावून मी तिथेच येरझाऱ्या घालत राहिले.

चार वाजून गेल्यावर तिचा फोन आला. आवाज थकलेला, पण शांत.

"आजी काकांकडे आहे, मॅडम. घरात पाणी शिरलं, पण आम्ही आधीच निघालो होतो."

"बाबांनी ऐकलं?"

"मी त्यांना दुपार सांगितलीच नाही. तुम्ही 'तर' म्हणालात ना, म्हणून निम्माच वेळ सांगितला."

मी बाजूच्या दुकानाच्या पायरीवर बसले.

कॉलेज सुरू झालं तेव्हा तिच्या वह्यांना ओलसर वास येत होता. तास सुरू होताच तिने विचारलं, "आलेख मध्येच बदलला तर?"

"बदलला तिथून नवा काढायचा."

"आणि बदललाय हे आपल्याला कळलंच नाही तर?"

आता हा धडा आला की मी तिचा प्रश्न फळ्यावर लिहिते. मुलं विचार करत बसतात, आणि तेवढा वेळ मला खुर्चीवर बसवत नाही.