बेंदराच्या बैलांतले पाच थर

माझ्या टेबलावर मातीचा एक बैल आहे. एक शिंग नाही, पोटाला भोक. कॉलेजातली मुलं विचारतात, "मॅडम, हा कुठल्या काळातला?" मी सांगते, "बेंदराचा." मुलं हसतात. मला ते हसू आवडत नाही.

एम.एस्सी.ला असताना माझ्या प्रबंधाचा सगळा डोलारा एका विहिरीवर उभा होता. गारगोटीच्या पलीकडे एका शेतकऱ्यानं विहीर काढायला घेतली होती. तिथं काळ्या पाषाणाच्या दोन थरांमध्ये कुठल्याशा जुन्या तळ्याचा गाळ लागला, एकावर एक पाच थर. मातीत कुठलं खनिज आहे, यावरून ती साचली तेव्हाच्या हवापाण्याचा अंदाज येतो. भरपूर पाऊस आणि निचऱ्याची जमीन असली तर केओलिनाइट, म्हणजे न फुगणारी, पिठासारखी माती जास्त. पाणी तुंबून राहत असलं तर स्मेक्टाइट, म्हणजे भिजली की फुगणारी आणि वाळली की तडकणारी माती. हा बदल ज्या क्रमानं झाला तोच क्रम दुसऱ्या विहिरीत सापडला, तर दोन्हीकडचे थर एका वयाचे असावेत असं म्हणता येतं. म्हणजे सगळी भिस्त क्रमावर. मी दोर धरून खाली उतरले, पाच थैल्या भरल्या आणि प्रत्येकीत नंबराची चिठ्ठी टाकली. पंधरा दिवसांत विहिरीला इतकं पाणी लागलं की ते थर पुन्हा दिसायचा विषयच संपला.

उचगावच्या घरी सोप्यातल्या खुंट्यांवर मी थैल्या टांगल्या. पहिली, वरच्या थराची, दाराशी. मग ओळीनं आत. विद्यापीठातल्या माती तपासायच्या मशीनवर नंबर लागेना, म्हणून आठ दिवस हातकणंगल्याला मावशीकडं जाऊन राहिले. परत आले तो बेंदराचा, म्हणजे मातीचे बैल करून पुजायचा दिवस होता.

खुंट्या रिकाम्या होत्या आणि पाटावर पाच बैल होते. हळदकुंकू लावलेले, वाळून सगळे एकाच राखाडी रंगाचे.

"बेंदराच्या तोंडावर माती आणून टांगलीस, मग मला काय वाटणार?" आई म्हणाली. "म्हटलं, पोरीला आठवण हाय. शेजारच्यांना बी एक एक दिऊ."

"आणि चिठ्ठ्या?"

"त्या व्हय? किराणाच्या असतील म्हणून बंबात घातल्या."

मी कपाळावर हात मारून घेतला. आईला अक्षरओळख नव्हती, हे त्या क्षणी मी मोठ्यांदा बोलून दाखवलं. तोंडाला येईल ते बोलले. ती पाटापाशी बसली.

"दाराकडनं एकेक थैली काढत गेलतो मी," ती म्हणाली. "ह्यो पयला. ही माती हात सोडंना, वरनं तेलाचा हात फिरवला, तरी सकाळी बघतोय तर पाठभर भेगा. ह्यो दुसरा, तसाच, जरा गरीब. ह्यो मधला. ह्यो चौथा, ह्याला भेग एकच. आणि ह्यो शेवटचा, शिंग तीनदा पडलं. माती कसली, नुसती पिठूळ."

मी तिथंच बैल फोडायला निघाले, तर तिनं माझा हात धरला. पुजलेला बैल त्या दिवशी फोडत नाहीत. दुसऱ्या दिवशी तिनंच विळीच्या टोकानं एकेकाचं पोट कोरलं आणि तेलाहळदीचा हात न लागलेली आतली माती वाट्यांत काढून दिली. पहिला बैल मी ठेवून घेतला. बाकीचे चार तिनं रिवाजाप्रमाणं पत्र्यावर पावसात विरघळायला ठेवले.

"आता घरच्या बैलांवर भूशास्त्र चालणार का?" असं माझे मार्गदर्शक सर म्हणाले. मशीन चालवणाऱ्याला आम्ही क्रम सांगितलाच नाही. निकाल आला तेव्हा फुगणारी माती पहिल्या बैलापासून पाचव्यापर्यंत कमी कमी होत गेली होती, आईच्या ओळीनं, एकही मागेपुढे नाही. सरांनी प्रबंधावर सही केली. मला पदवी मिळाली.

प्रबंधात मी लिहिलं, नमुन्यांचा क्रम चिकटपणावरून निश्चित केला. कोणी केला ते लिहिलं नाही. आभाराच्या पानावर सर होते, विभाग होता, मशीन चालवणारा होता. आई नव्हती. गडबडीत राहिलं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे लाज वाटली होती.

बांधलेला प्रबंध घरी आणला तेव्हा तिनं पदराला हात पुसले आणि विचारलं, "ह्यात माझं नाव हाय?"

"आहे की."

"कुठं?"

आभाराचं पान उघडून मी एका ओळीवर बोट ठेवलं. तिनं माझं बोट बाजूला सारून तिथं आपलं ठेवलं. पुढं कितीतरी वर्षं घरी कुणी पावणं आलं की चहाआधी प्रबंध बाहेर यायचा आणि ती न चुकता ते पान काढायची. "बघा की, माझं नाव."

ती गेल्यानंतर मी ते पान उघडलं. एका ओळीवर तिच्या बोटाचा तेलकट डाग आहे. ती ओळ मशीन चालवणाऱ्याची आहे.