पाच घरांचं मशीन

काकी गेल्याचा निरोप शेजारच्यांच्या फोनवर आला, तेव्हा अंबरनाथच्या माझ्या घरी मी पुरणाशी झुंजत होते आणि पुरण जिंकत होतं. तशीच उठून बदलापूरला, हेंद्रेपाड्यात माहेरी पोचले. रडणाऱ्या बायकांत चार चेहरे ओळखीचे दिसले आणि माझं रडू तिथंच आटलं... त्यांचं ते मोठ्यानं रडणं मला आज दीड महिन्यानंतरही पचलेलं नाही.

काकी म्हणजे माझ्या आईची धाकटी जाऊ. आमची घरं भिंतीला भिंत लागून. ऐंशीच्या दशकात, बचत गट हा शब्द आमच्या गल्लीत यायच्या आधी, तिनं पतपेढीत आपल्या सोन्याच्या पाटल्या गहाण ठेवून शिवणाची पाच हातमशिनं घेतली आणि पाच बायकांना दिली. पहिलं आईला. उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधला सेठ परकरांचं कापड द्यायचा, शिवून माल परत जायचा. बायकांनी मजुरीतून आठवड्याला काकीला हप्ता द्यायचा, सगळ्यांचे हप्ते फिटले की पाटल्या सुटणार. जामीन नाही, सही नाही. हौसेनं मीही एक परकर शिवला होता. तो उलटासुलटा करून पाहत काकी म्हणाली, "छान झालाय गं. फक्त घालायला तीन पायांची बाई शोधायला हवी."

तिचा नियम एकच. मशीन विकायची वेळ आलीच, तर आधी तिला सांगायचं. तपासणीही तिच्याच पद्धतीची. दसऱ्याला पूजेचं ताट घेऊन ती पाचही घरी जायची, मशिनाला स्वतः हळदकुंकू लावायची आणि चाक एकदा फिरवून बघायची. "देवाचंही होतं, माझंही होतं!"

मग एका वर्षी सेठनं काम बंद केलं. "बहनजी, अब कारखाने का माल सस्ता पडता है." हप्ते अडखळले, काकीनं सांभाळून घेतले. दसऱ्याला ताट धरायला मी बरोबर होते. आमच्या घरची पूजा झाली. पुढच्या प्रत्येक घरी मात्र आम्हाला आधी ओटीवर बसवून चहा-चिवडा. एवढा पाहुणचार पूर्वी कधी झाला नव्हता, पण समोर चिवडा आला की माझी बुद्धी रजेवर जाते. तिसऱ्या घरी काकीनं कुंकवाचं बोट पुढं केलं आणि ती थांबली. मशिनावरच्या सोनेरी अक्षरांच्या खाचेत ओलं कुंकू होतं. मुठीला हिरव्या लुगड्याची चिंधी... आईनं बांधलेली.

चौघींनी आपापली मशिनं विकून टाकली होती. आम्ही पुढच्या दारी चहा पीत असताना आईचं एकच मशीन पुसूनपुसून मागच्या दारानं घरोघर फिरत होतं.

काकीनं कुंकवावर कुंकू लावलं, चाक फिरवलं. चौथ्या घरी तेच, पाचव्या घरी तेच. तिथून निघताना एवढंच म्हणाली, "आता याला जरा बसू द्या गं. सकाळपासून चालतंय बिचारं."

आमच्या घरी आल्यावर मात्र ती आईसमोर उभी राहिली. "त्या चौघींचं सोड, त्यांनी पोटासाठी केलं. तुझं मशीन तर जागेवर होतं ना, ताई? मग तू का?"

"अगं, तुला वाईट वाटू नये म्हणून..."

"वाटलं," काकी म्हणाली.

पाटल्या सुटल्या नाहीत, पतपेढीच्या लिलावात गेल्या. काकी कडाकडा भांडली असती, तर दिवाळीपर्यंत मिटलंही असतं. तिनं आम्हाला तेवढी सवलत दिली नाही. मला त्या चौघींपेक्षा आईचाच राग जास्त येतो, आणि आई माझीच असल्यामुळे तो ठेवायला जागा सापडत नाही. पूर्वी काकी "ताई, मीठ दे गं" म्हणत थेट चुलीपर्यंत यायची. त्या दसऱ्यानंतर ती बाहेर उभी राहून दार वाजवू लागली. "वहिनी, येऊ का?" मग आईच्याही तोंडून अहोजाहो येऊ लागलं. "या की, विचारता काय!" तरी काकी चपला बाहेर काढून, पाहुणीसारखी उंबऱ्यालगतच टेकायची. शेवटपर्यंत.

परवा आईकडे गेले होते. दुपारी दार वाजलं. आई भाजी निवडत होती. मान वर न करताच ती म्हणाली, "या की, विचारता काय!"

दारात गॅस सिलिंडरवाला होता. तो जरा गोंधळला... पण एवढ्या मानानं बोलावल्यावर बिचाऱ्यानं चपला काढल्या.