चपला घालताना सांगायचं काम

आमच्याकडे खरं काम निघताना सांगतात. वडिवळ्याची मावशी येते, चहा घेते, भातलावणी, सुनेचं माहेर, सगळं बोलून होतं आणि चपला घालता घालता म्हणते, "आगं, एक सांगायचं ऱ्हायलंच." त्यासाठीच आलेली असते. इंग्रजी माध्यमात शिकूनही मी तशीच बोलते.

कुसगावच्या एका हॉटेलात बुकिंगच्या फोनवर लागले, तेव्हा तीन महिने बघून मग कायम करणार होते. दुसऱ्याच महिन्यात आमच्या बुकिंगच्या मुख्य मॅडम म्हणाल्या, "इंग्लिश छान आहे गं तुझं. पण फोनवर तू असतेस कुठे?"

शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला, "कॉन्व्हेंटची आहे मॅडम. हात वर करून परवानगीची वाट बघते." मी हसले.

त्या दुपारी बेंगळुरूच्या एका बाईंचा फोन आला. यजमानांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं, शनिवारी येणार होते. मला एवढंच सांगायचं होतं, की लिफ्ट बंद आहे आणि त्यांची खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. त्या 'सो' म्हणत डॉक्टरांवरून नातवाकडे गेल्या, 'एनीवे' म्हणत नातवावरून धुक्याकडे. मध्ये श्वासाएवढी जागा असायची. तिच्यात पाय ठेवायचा धीर होईना. म्हटलं, निघताना सांगू. त्या 'ऑलराइट देन' म्हणाल्या, मी 'थँक यू मॅम' म्हणाले आणि फोन बंद. इंग्रजीतला निरोप एवढा आखूड असतो, हे शाळेत कुणी शिकवलं नव्हतं.

मॅडम ऐकत होत्या. "लिफ्टचं सांगितलंस?"

"नाही."

"मग लाव परत."

वाक्य कागदावर लिहून घेतलं. बाईंनी फोन उचलला आणि त्या लगेच बॅगा भरण्याविषयी बोलू लागल्या. मॅडमची नजर माझ्यावर होती. पुढचं 'एनीवे' आलं तेव्हा मी डोळे मिटून मध्येच शिरले, माफी मागितली आणि सगळं सांगून टाकलं. तळमजल्यावर एक खोली रिकामी आहे, तेही.

मोठ्या माणसाला बोलता बोलता तोडलं होतं मी.

मग त्यांनी विचारलं, हे मघाशी का नाही सांगितलंत? सबब इंग्रजीत सहज जुळली असती. मी खरं तेच सांगितलं, की तुम्ही बोलत होता, मला भीती वाटली.

"तळमजल्याची द्या," म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

"अजून एक महिना आहे, बघू," मॅडम म्हणाल्या. मी मान हलवली. दुसरा फोन वाजत होता आणि त्याच्याकडे हात जात नव्हता.