तोडफोड न करता

वरच्या मजल्यावरचे साळवीकाका कुणाच्याही घरी गेले की पाणी प्यायच्या आधी बाथरूम बघत. कोपरखैरण्याच्या आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा मला वाटलं, म्हातारा माणूस, घाई झाली असेल. पण हे दार सताड उघडं ठेवून लाद्यांवर टिचक्या मारत उभे. बाहेर येऊन म्हणाले, "मेघा, तुमचे जॉइंट काळे पडलेत. व्हाइट सिमेंट भर. तोडफोड नाय, फक्त सुधारणा." मग चहा घेतला, तोही उभ्यानंच.

बसणं त्यांना ठाऊकच नव्हतं. महापेच्या एका कारखान्यात ते स्टोअर सांभाळायचे, म्हणजे पाने-स्क्रूड्रायव्हर दुसऱ्यांच्या हातात द्यायचे. स्वतः कधी चालवले नव्हते. पण काकू बाथरूममध्ये साबणाच्या पाण्यावर घसरल्या, मनगट मोडलं, आणि त्या खोलीनं काकांना झपाटलं. पुण्याचा मुलगा म्हणाला, सगळं फोडून नवीन करू, तोवर आईला अंघोळ घालायला बाई ठेवू. फोडायला काका तयार नव्हते, कारण खाली आमचं घर. गळती लागली असती तर मीच भांडायला वर गेले असते. आणि बाईला काकू तयार नव्हत्या. "दुसरीनं अंघोळ घालायची म्हणजे माझं मढंच झालं की," त्या मला म्हणाल्या. प्लास्टर निघाल्यावरही भीतीनं त्या मोरीत पाय टाकेनात. ओल्या फडक्यानं अंग पुसून घेत आणि दिवसभर चिडलेल्या असत.

मग आमच्या डोक्यावर ड्रिल सुरू झालं. काका मोबाइलवर व्हिडिओ लावत आणि तो संपायच्या आत कामाला उठत. एकदा कॉक बंद न करताच त्यांनी नळ काढला. हॉलभर पाणी, काका अंगठ्यानं भोक दाबून उभे, आणि काकू खुर्चीवरून विचारतायत, "ह्याला पण सुधारणाच म्हणायचं ना?" गच्चीवर धावत जाऊन टाकीचा कॉक मी बंद केला. राग आला होता, हसूही येत होतं. पण हळूहळू भिंतीला धरायला स्टीलचा दांडा लागला, हँड शॉवर आला, जमिनीवर खरखरीत पट्ट्या चिकटल्या, अंधाऱ्या छताला पांढरा दिवा बसला. काकांनी मला मुद्दाम बघायला बोलावलं. पेढाही दिला.

काकू आत गेल्या आणि लगेच बाहेर आल्या. "हे सगळं उभ्यानं अंघोळ करणाऱ्यांचं आहे," त्या म्हणाल्या. "मी बसते."

काकांनी आत डोकावलं. कोपऱ्यात बादली, तांब्या, बुटकं स्टूल. दांडा मात्र त्यांच्या स्वतःच्या छातीएवढा उंच. व्हिडिओतली माणसं उभी होती, आणि काका स्वतःही शॉवरखाली उभे राहत. जिन्यात मला गाठून म्हणाले, "एवढा संसार झाला, पण ही अंघोळ कशी करते ते मला माहीत नाय. आता या वयात विचारू कसं?"

विचारलं त्यांनी. मी भाजी द्यायला वर गेले, तर काका कोरड्या बाथरूममध्ये शर्ट-पँटीनिशी काकूंच्या स्टुलावर बसलेले आणि काकू दाराबाहेरून सांगतायत. "उठताना मी डावा हात टेकते. तिथं नाय, खाली. अजून खाली. साबण मागं ठेवलात तर वळू कशी?" काका पेन्सिलनं भिंतीवर खुणा करत होते. या माणसाला एका जागी इतका वेळ बसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. दोघांनाही लाज वाटत होती, आणि दोघंही ती एकमेकांवर खेकसून लपवत होती. मी भाजी ओट्यावर ठेवली आणि निघून आले.

दांडा खाली आला. हँड शॉवरचा हूक खाली आला, साबणाची जाळी समोर आली, स्टूल रबरी पायांचं आलं. वरची भोकं काकांनी व्हाइट सिमेंटनं बुजवली, ती अजून ओबडधोबड दिसतात. काकू पहिल्यांदा आत गेल्या तेव्हा काका दारासमोर नुसते येरझाऱ्या घालत होते. "आवाज देत राहा गं." आतून उत्तर आलं, "अंघोळ करू की भाषण देऊ?"

मागच्या थंडीत काका गेले. सतत धावणारा तो माणूस झोपेत गेला, याचं मला अजून आश्चर्य वाटतं. काकू दिवसभर भिंतीला टेकून बसून होत्या, डोळ्यांत टिपूस नाही. काकांना नेल्यावर घरातल्या बायकांनी पाणी तापवलं. अशा वेळी बाईला इतर बायकांनी अंघोळ घालायची, तशी रीत, म्हणून नणंद आणि जाऊ काकूंना दंडाला धरून उठवू लागल्या. काकूंनी हात सोडवून घेतले.

"माझी मी करते," त्या म्हणाल्या आणि आत जाऊन कडी लावली.

आमचा जीव टांगणीला लागला. बराच वेळ आतून काहीच ऐकू येईना. जाऊबाई दार वाजवायला पुढं झाल्या, मी त्यांचा हात धरला. मग बादलीत तांब्या बुडाल्याचा आवाज आला, अंगावर पाणी पडल्याचा आला, आणि त्या पाण्याखाली काकू मोठ्यानं रडायला लागल्या. आम्ही दारापासून बाजूला झालो.