बोलत राहा, मावशी

पिशवी काढायच्या ऑपरेशनला मला पूर्ण झोपवलं नव्हतं. पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचं अंग तेवढं बधिर केलं होतं. छातीपुढे हिरवा पडदा, बोटाला चिमटा, दंडाला पट्टा, आणि डोक्यामागच्या मशीनमधून माझ्याच नाडीचा आवाज येत होता. भूल देणाऱ्या डॉक्टरबाई उशाशी बसल्या होत्या.

थोड्या वेळाने मला मळमळायला लागलं आणि मशीनचा आवाज मंदावला.

"प्रेशर पडतंय," बाई पडद्यापलीकडच्या डॉक्टरांना म्हणाल्या. मग माझ्या कानाशी वाकल्या. "मावशी, बोलत राहा. काय काम करता तुम्ही?"

"सुके बोंबील विकते. धाकट्या डहाणूला."

"कसे वाळवता?"

जबड्यात जबडा अडकवून जोडी करायची आणि वलांडीच्या, म्हणजे वाळवायच्या मांडवाच्या, बांबूवर टांगायची, एवढंच सांगायचं होतं. पण शब्द सापडेनात. गप्प झाले तर आपण गेलो, असं मनाने घेतलं होतं. म्हणून मी नुसतं "बोंबील, बोंबील" म्हणत राहिले.

त्यांनी सलाइनमधून औषध सोडलं. हळूहळू ठोके पुन्हा भरभर पडू लागले.

"आलं वर प्रेशर. आता पडून राहा निवांत," त्या म्हणाल्या.

मी मात्र टाके घालून होईपर्यंत बोलतच होते. वॉर्डात आणल्यावर नवरा म्हणाला, "आता जरा गप्प पड," तेव्हा मला रडूच फुटलं.