मेहंदीचे हात अन् न उठणारा कम्प्युटर

कुरखेड्याच्या बसस्टँडवर एसटीची वाट बघत शांत बसलेली आयशाबाई कोणी पाहिली असेल, तर त्यानं पुढे यावं. गाडीला जरा उशीर झाला की ही पिशवी उचलते आणि वडशाच्या दिशेनं पायीच निघते. गाडी मग तिला पुढच्या वळणावर गाठते. भातावरचं झाकण ती इतक्यांदा उघडून बघते, की सैफभाऊंना लग्नापासून कधी नीट शिजलेला भात मिळाला का, याची आमच्या गल्लीला शंका आहे. नवरा मात्र सोशिक. दिवसभर चपलांच्या दुकानात लोकांच्या पायाशी बसायचं, संध्याकाळी टणक भात खायचा, आणि वर छान झाला म्हणायचं.

कम्प्युटरही बाई अशाच घाईनं शिकली. कुठल्याशा दुकानात अर्ज टाइप करून घ्यायला गेली होती. तिथला माणूस एकेक अक्षर हुडकत बसला. हिनं जेमतेम दोन ओळी धीर धरला आणि कीबोर्ड स्वतःकडे ओढला. पुढे एक जुना कम्प्युटर घरी आला. नवं विंडोज त्याला झेपेना, म्हणून नागपूरच्या जिशाननं, तिच्या आतेभावानं, त्यात लिनक्स घालून दिलं. तेव्हापासून लग्नपत्रिका, बॅनर, नाटकाची पोस्टरं, सगळं आयशाबाईच्या ओसरीतून निघू लागलं.

त्या दिवशी तोच कम्प्युटर उठेना.

आणि दिवस कोणता, तर बापूरावांचा. बापूराव म्हणजे वडशाच्या नाटक मंडळीचे मालक. मंडईचा, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावोगावच्या जत्रा-नाटकांचा, हंगाम तोंडावर आलेला आणि 'सवत आली ट्रॅक्टरवर' या नव्या नाटकाचं पोस्टर तिच्याकडे. ते दुपारी येऊन नेणार, चारच्या एसटीनं गडचिरोलीच्या छापखान्यात पोचवणार. काम वेळेवर मिळालं तर हंगामभराची पोस्टरं हिचीच, नाहीतर वडशात त्यांच्या ओळखीचा एकजण टपूनच बसला होता.

सकाळी बटण दाबलं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी धावल्या आणि मध्येच थबकल्या. खाली तीन लाल चांदण्या डावी-उजवीकडे येरझारा घालू लागल्या. आता येरझारा घालणं हे आयशाबाईचं काम, कम्प्युटरचं नाही. तिनं बटण दाबून बंद केला, पुन्हा लावला. पुन्हा चांदण्या. पुन्हा बंद. कम्प्युटरचा डबा उघडला, आतली मेमरीची पट्टी काढून खोडरबरनं घासली, फुंकर मारली. चांदण्या हजरच.

जिशानला फोन लावला. तो म्हणाला, बंद करू नको, थांब, शेवटी काय लिहून येतं ते वाचून सांग. थांबले ना, असं हिनं ठणकावून सांगितलं. ती किती थांबली असेल हे त्यालाही ठाऊक होतं, पण लहान भावानं बोलायचं किती?

एवढ्यात शेजारच्या नजमाआपा आल्या. त्यांच्या लेकीचं, आयतचं, लग्न, मांडवात सकाळपासून गाणी वाजत होती, आणि मेहंदीवाली मेहंदीचे कोन घेऊन त्यांच्यामागे उभी. लग्नघरची मेहंदी नाकारली तर वर्षभर अबोला. आयशाबाईनं शेवटचं म्हणून बटण दाबलं आणि दोन्ही हात पुढे केले.

झालं. हातांवर वेलबुट्टी चढली. समोर चांदण्यांच्या येरझारा, आणि बटण दाबायला बोट नाही. तिनं पाय हलवले, खुर्ची हलवली, मेहंदीवालीनं दोनदा दटावलं. मिनिट-दीड मिनिट गेलं, आणि चांदण्या आपोआप थांबल्या. खाली इंग्रजीत ओळ आली. जुन्या फोटोंची डिस्क सापडत नाही, वाट पाहिली, आली नाही, आता पुढचं तुम्ही बघा, असा तिचा मतलब.

डिस्कची वाट बघायची ही आज्ञा बाईचीच. दरवेळी डिस्क उघडायला क्लिक कोण करणार, म्हणून तिनं सुरुवातीच्या सूचनांमध्ये एक ओळ टाकली होती: उठताना ही डिस्क जोडलेली हवी. कम्प्युटर बिचारा सकाळपासून तिचंच ऐकत होता.

पण डिस्क गेली कुठे? बाजूला मांडवात नवं गाणं सुरू झालं. आयशाबाईनं कान टवकारले. हे गाणं तिच्या ओळखीचं होतं. त्याच्या आधीचंही होतं. काल संध्याकाळी आपांनी गाणी मागितली तेव्हा चुलीवर भात होता, आणि हिनं फोटोंबरोबर गाणीही भरलेली ती डिस्क कम्प्युटरमधून ओढून भिंतीवरून त्यांच्या हातात टेकवली होती.

"आपा, गाणे बंद करा," ती म्हणाली, "माहा कम्प्युटर तुमच्या मांडवात नाचून राह्यला."

मांडवात हळहळ झाली. दोघी-तिघी म्हाताऱ्या रुसल्या. आपांनी डिस्क आणून खोचली, बाईनं कोपरानं बटण दाबलं. सकाळपासून इतक्यांदा अर्धवट बंद केल्यामुळे कम्प्युटर आता स्वतःची तपासणी करत बसला. मेहंदीचे हात वर धरून ती ओसरीत फेऱ्या मारू लागली, आपा घाईनं मांडवात परतल्या, आणि दारात बापूराव उभे.

तपासणी संपली. पडद्यावर पासवर्डची चौकट आली.

"सांगा बाई, मी टाइपतो," बापूराव खुर्चीत बसले. "चारची गाडी हाये."

बाईचा चेहरा उतरला. मागच्या हंगामात एका पोस्टरवर बापूरावांनी अर्धा दिवस घासाघीस केली होती, आणि त्या रागात तिनं पासवर्ड बदलला होता. हात धुवावे तर आपांचा अबोला, आपांना बोलवावं तर उशीर. आणि थांबणं तर तिच्या रक्तातच नाही. ती भिंतीकडे तोंड करून इंग्रजीत एकेक अक्षर सांगू लागली. बी, ए, पी, यू, आर, ए, ओ.

बापूरावांचं बोट थबकलं. "हे तं माहं नाव."

"पुढचं लिहा ना, भाऊ. सी, एच, आय. के, ए, टी."

बापूरावांनी बोटानं हवेत अक्षरं जुळवली. चिकट. मग एंटर दाबला. कम्प्युटर उघडला. ट्रॅक्टरवर बसलेली सवत पडद्यावर आली, आणि तिच्या पायाशी, बारीक अक्षरात, मालकाचं नाव.

"हे मोठं करा," बापूराव म्हणाले. "सवतीपेक्षा मोठं. मेहंदी वाळू द्या आरामात. मी पाचच्या गाडीनं जातो, बसतो इथी."

आणि ते खरंच बसले. हंगामाचं काम पक्कं झालं, पण मेहंदी वाळेपर्यंत त्यांनी आयशाबाईला समोर बसवून ठेवलं, एकदाही उठू दिलं नाही.