अक्काचा मिरचीचा वाफा

अक्काच्या सावलीनं एकही रोप मेलं नव्हतं.

ती रोपं मी मारली.

आज सकाळी अक्का गेली. माझी थोरली जाऊ. ब्याण्णव की त्र्याण्णव वर्षांची, नक्की कुणालाच माहीत नाही.

फॅमिली ग्रुपवर सगळ्यांनी फोटो टाकले, हात जोडले. कुणीतरी लिहिलं, "प्रेमळ आणि सोशिक."

सोशिक हा शब्द मला तसाच राहू द्यायचा नाही. म्हणून नातीला टाइप करायला बसवलंय. मी सांगते, ती लिहिते. शाळेची पायरी मी चढले नाही, पुडीच्या कागदावरची अक्षरं लावत वाचायला शिकले. चुकलंमाकलं समजून घ्या.

ही गोष्ट दुसरं महायुद्ध पेटायच्या आधीची. सोलापूरच्या वेशीबाहेर आमचा भाजीचा मळा होता, माल भवानी पेठेत जायचा. मी पंधराची, बार्शीकडची. अक्का सतराची, मोडनिंबची.

रोपं करावीत तर अक्कानं.

वाफा उंच करायची, पाणी तुंबायला नको म्हणून. शेणखत वर्षभर मुरलेलंच घ्यायची, ताज्या शेणानं किडा होतो. पेरायच्या आधी वाफ्यावर पालापाचोळा जाळून माती भाजून घ्यायची. आणि बी पातळ.

मी मूठभर बी टाकायला गेले तर माझं मनगट धरलं.

"दाटीत माणूस वाढत न्हाय, मिरची कशी वाढंल? आपल्या घरात बघ की."

पाणी फक्त सकाळी, तेही बेतानं. वरची माती सुकली की मग पुढचं. रात्रभर ओल राहिली तर रोपाला पायापासून सर्दी होते, असं तिचं म्हणणं.

त्या वर्षी सासरे तिला म्हणाले होते, रोपं साधली तर विहिरीकडचा तुकडा तुझ्या हाती. काय लावायचं, कधी लावायचं, तू ठरव.

सुनेला असं कोण म्हणायचं त्या काळी? अक्का आठ दिवस एकटीच हसत होती.

रोपं दोन पानांवर आली आणि अक्का बाहेर बसली.

महिन्याचे चार दिवस. गोठ्याच्या पडवीत, घोंगडं टाकून. वाफ्याकडं फिरकायचं नाही. बाहेर बसलेल्या बाईची सावली पडली की रोप जळतं, असा समज होता.

पडवीतूनच तिनं मला तीनदा बजावलं. दुपारी पानं मलूल दिसतील, घाबरू नको, ऊन उतरलं की उभी राहतात. पाणी सकाळीच.

दुपारी पानं मलूल झाली.

सासूबाई हळहळल्या. कोवळा जीव तहानेनं मारतीय म्हणाल्या. संध्याकाळी मला पाणी घालायला लावलं, वर ओली पोती पांघरायला लावली.

मी चाचरत म्हटलं, अक्का नको म्हणालीय.

"ती बसलीय भाईर. तिचं काय ऐकतीस?"

मी घातलं. तीन संध्याकाळी, घागरीवर घागर. दुसऱ्या दिवसापासून आभाळ भरून आलं होतं, तरी घातलं.

माया होती हो त्यात. सासूबाईंचीही, माझीही. मायेनंच घात केला.

चौथ्या दिवशी पोती उचलली.

सगळी रोपं आडवी. मातीलगत देठ काळा पडलेला, दोऱ्यासारखा बारीक.

सासूबाईंनी पडवीकडं वळून पाहिलं. आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाल्या,

"पडली सावली."

मी तिथंच उभी होते, हातात घागर घेऊन. तोंड उघडलं नाही. उघडलं असतं तर शब्द सासूवर गेला असता, आणि मला त्याच घरात नांदायचं होतं.

अक्कालाही त्याच घरात नांदायचं होतं, हे तेव्हा सुचलं नाही.

सुचलं होतं. आता खोटं कशाला बोलू.

नात थांबून विचारतीय, "आज्जी, हे खरंच टाकायचं?"

टाक.

विहिरीकडचा तुकडा माझ्या हाती आला. अक्काचा हात पुन्हा कधी वाफ्याला लागू दिला नाही. सासरे गेले, सासूबाई गेल्या, आळ तेवढा जिवंत राहिला. ती जन्मभर भाकरी थापत बसली.

आणि मी? "काकूंची रोपं" म्हणून लोक लांबून न्यायला यायचे. रोपं मरतात का, असं विचारलं की मी रुबाबात सांगायची. बी पातळ टाका, पाणी सकाळी घाला.

शब्द अक्काचे. नाव माझं.

गेल्या महिन्यात नातीनं बाल्कनीत मिरचीचा ट्रे लावला. तो मी अक्काच्या कॉटपाशी नेला. तिनं मातीत बोट घातलं.

"लई वली हाय," म्हणाली.

मग मला राहवलं नाही. सांगून टाकलं की तेव्हा पाणी मी घातलं होतं. माफ कर म्हटलं.

तिनं बोट पदराला पुसलं.

"ठावं हाय. चिखलाच्या पायानं ताट घिऊन आलतीस की पडवीत."

मी रडायला लागले तर म्हणाली,

"माफीचं काय करू गं? वाफा पायजे हुता मला."

मी ट्रे उचलून उन्हात नेला, माती सुकायला.

तेव्हा बाबांनो, तिला सोशिक म्हणू नका. रोपं करण्यात तिचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं. तो हात आम्ही बांधून ठेवला. बांधणाऱ्यांतली मी एकटीच उरलेय, म्हणून मीच सांगते.

आज सकाळी, अक्का, तुला नेल्यावर नातीनं ट्रेला पाणी घातलं. थोडंच. मी शेजारी उभी होते.

अक्का, श्रद्धांजली फार मोठा शब्द आहे, तो माझ्या तोंडी शोभत नाही.

धाकटीचा नमस्कार तेवढा घे.